दंतचिकित्सेतील पारा व कर्मचाऱ्यांचे आरोग्य

दातात भरायची ‘चांदी’ हाताळताना दवाखान्यातील कर्मचाऱ्यांच्या शरीरात जाणारा पारा व त्याचे परिणाम. या चांदीत वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. बाकी खरी चांदी, कथील आणि तांबे. सांगली आणि कराड येथे दंतमहाविद्यालये आहेत. तालुक्याच्या गावी मात्र अनेकदा एक डॉक्टर आणि एक असिस्टंट एवढ्यावरच दवाखाना चालतो. चांदी कालवणे, हत्यारे धुणे, फरशी पुसणे ही सगळी कामे असिस्टंटकडे, म्हणून पाऱ्याशी सर्वांत जास्त संबंध तिचाच येतो.

धोका मुख्यतः वाफेचा आहे. तिला रंग नाही, वास नाही, आणि साध्या मास्कने ती अडत नाही. श्वासाबरोबर आत गेलेल्या वाफेतील सुमारे ८० टक्के पारा रक्तात उतरतो. कामाच्या जागी हवेतील पाऱ्याची एक प्रचलित मर्यादा दर घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम आहे. २० अंश सेल्सिअसला बंद जागेत सांडून राहिलेला पारा हे प्रमाण १३ मिलिग्रॅमच्या आसपास नेऊ शकतो. उष्म्याने वाफ झपाट्याने वाढते. सांगलीतील मे महिन्याची दुपार, खिडक्या बंद, हवा खेळती नाही, हे म्हणूनच वाईट.

जुन्या पद्धतीत पारा व बाकी धातूंची भुकटी खलात घोटून, कापडातून जादा पारा पिळून, गोळा तळहातावर मळत. खाली पडलेले थेंब फरशीच्या सांध्यांत शिरत आणि महिनोन्‌महिने वाफ सोडत. ते झाडूने लोटले की फुटून आणखी पसरतात. दोन जाड कागदांनी गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. उरलेली चांदी दवाखान्यातील कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकणे ही गंभीर चूक आहे, कारण ती पिशवी भट्टीत जळते आणि पाऱ्याची वाफ होते.

दीर्घकाळ जास्त पारा गेल्यास बोटांना कंप सुटतो, झोप उडते, चिडचिड व विसराळूपणा येतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. चिडचिडीचे खापर सहसा कामाच्या ताणावर फोडले जाते, त्यामुळे निदान लांबते. लघवीतील पाऱ्याची तपासणी उपयोगी ठरते. संपर्क थांबल्यावर साठलेला पारा निम्म्यावर यायला सुमारे दोन महिने लागतात. पारा वारेतून गर्भापर्यंत पोचतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात, आठवड्याला ३० किंवा जास्त वेळा चांदी कालवणाऱ्या व स्वच्छतेचे नियम न पाळणाऱ्या असिस्टंटमध्ये दर पाळीचक्रातील गर्भधारणेची शक्यता पाऱ्याशी संबंध न आलेल्या स्त्रियांच्या ६३ टक्केच आढळली.

पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. करारातील २०२२ च्या दुरुस्तीने सुट्या पाऱ्याचा वापर आणि लहान मुले, गरोदर व स्तनदा रुग्णांना चांदी भरणे यांवर बंधने आणली. गरोदर असिस्टंटचा मात्र तीत वेगळा उल्लेख नाही. तिला या कामातून मोकळे करणे डॉक्टरांच्याच हाती आहे. पारा व भुकटी आधीच मापून भरलेल्या बंद कॅप्सूल वापरल्या की सांडणे बरेच टळते. नवी चांदी भरणे थांबले तरी जुनी कोरून काढण्याचे काम अनेक वर्षे चालेल, आणि त्या वेळी पाण्याचा फवारा व जोरदार सक्शन लागतेच.