थोरला टॉम, धाकटा मॅक्स: दोन चिल्टन कसे ओळखायचे

2013 साली चिल्टन हे आडनाव एकाच वेळी दोन जागतिक स्पर्धांच्या निकालांत होतं. फॉर्म्युला वनच्या पडद्यावर 'सीएचआय' ही तीन अक्षरं बहुतेकदा यादीच्या तळाला दिसायची. तिकडे जागतिक टूरिंग कार स्पर्धेत दुसरा एक चिल्टन शेवरोले क्रूझ पळवत होता. आपल्याकडे अनेकांना यातला एकच ठाऊक आहे, कारण 27 ऑक्टोबर 2013 ला तो ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर धावला होता. भारतातली ती आजवरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत. त्या दिवशी सेबास्टियन फेटेलने चौथं जगज्जेतेपद पक्कं केलं, त्यामुळे मागच्या रांगांतल्या, त्याच्या मारुसिया संघाच्या गाड्यांकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

तेव्हापासून घोळ आहे तो आहेच. 'चिल्टनला कारकिर्दीत एकही गुण मिळाला नाही' असं कोणी म्हणतं. 'चिल्टन तर जागतिक स्पर्धेत करंडक जिंकला' असं दुसरा सांगतो. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघे वेगवेगळ्या भावांबद्दल बोलत असतात. थोरला टॉम, जन्म मार्च 1985. धाकटा मॅक्स, जन्म एप्रिल 1991. दोघेही इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या रायगेटचे. वडील विमा क्षेत्रातले मोठे नाव, त्यामुळे पोरांना गाडीत बसवायला पैसा होता, आणि हे लपवण्याचं काही कारण नाही. मोटार शर्यतीत पैशाशिवाय कोणी दारातही उभं राहू शकत नाही. दार उघडल्यावर आत कोण किती वर्षं टिकतं, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ओळखायची सोपी खूण गाडी. चाकं उघडी असतील आणि ड्रायव्हरचं हेल्मेट वरून दिसत असेल, तर तो मॅक्स. गाडीला छप्पर, चार दारांचा सांगाडा आणि शोरूममध्ये दिसते तशी बॉनेट असेल, तर तो टॉम. अपवाद दोन-तीनच आहेत, ते पुढे येतील.

टॉमची वाट आधी बघू, कारण ती आपल्याकडे कमी माहीत आहे.

ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा, म्हणजे बीटीसीसी, 1958 पासून चालू आहे. सुरुवातीला तिचं नाव ब्रिटिश सलून कार स्पर्धा होतं. इथे धावणाऱ्या गाड्या दिसायला घरगुती मोटारीच असतात, पण आत सगळं काढून पोलादी पिंजरा बसवलेला असतो. ब्रँड्स हॅच, थ्रक्स्टन, ओल्टन पार्क, नॉकहिल अशा सर्किटांवर एका दिवसात तीन शर्यती होतात. तीन! फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रविवारी एक मुख्य शर्यत चालवतो आणि घरी जातो. टूरिंग कारवाल्याला सकाळी कोणी ठोकलं, तर दुपारच्या शर्यतीआधी मेकॅनिकनी दरवाजा, रेडिएटर, सस्पेन्शन बदलून गाडी उभी करायची, आणि त्याच माणसाशेजारी पुन्हा ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होते त्या रांगांत, जायचं. तिसऱ्या शर्यतीत तर चिठ्ठी काढून पुढच्या काही जागा उलट्या करतात. दुसऱ्या शर्यतीत मागे राहिलेल्याला अचानक सर्वांत पुढची जागा मिळते आणि जिंकलेला गर्दीत अडकतो.

त्यात जिंकण्याचा दंड वेगळाच. कित्येक वर्षं गुणतक्त्यात वर असलेल्यांच्या गाडीत शिशाचं वजन टाकत, कधी कधी 75 किलोपर्यंत. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस शेजारी बसवून शर्यत लावायची. 2022 ते 2024 या हंगामांत वजनाऐवजी हायब्रिड मोटर आली आणि पुढे असणाऱ्यांना तिचा जोर कमी वेळ वापरू देत. हेतू एकच होता, एका माणसाने सगळं जिंकू नये. म्हणून इथे सलग दहा शर्यती जिंकणारा कोणी दिसत नाही. निकालाचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवलं नाही, तर या मैदानातल्या कोणाचंही मोल कळत नाही.

टॉम इथे 2002 मध्ये आला, व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा घेऊन, वयाच्या 17 व्या वर्षी. ब्रिटनमध्ये रस्त्यावर मोटार चालवायला किमान वय 17 लागतं. म्हणजे ज्या वयात बाकीची पोरं शिकाऊ लायसनवर गल्लीत गाडी फिरवतात, त्या वयात हा देशातल्या सगळ्यात भांडखोर ग्रिडवर उभा होता. पहिला विजय 2004 मध्ये, होंडा सिव्हिकमधून. पुढे फोर्ड फोकस. 2010 ला ती गाडी चक्क एलपीजीवर धावायची. 2012 मध्ये तो जागतिक टूरिंग कार स्पर्धेत, डब्ल्यूटीसीसीत गेला. आधी फोर्ड, मग शेवरोले, मग सिट्रोएन.

इथे आणखी एक गफलत होते ती मिटवू. बीटीसीसी ही ब्रिटनमधली राष्ट्रीय स्पर्धा, डब्ल्यूटीसीसी ही देशोदेशी फिरणारी. नियम वेगळे, गाड्या वेगळ्या. 'टूरिंग कार' एवढाच शब्द सारखा.

माझ्या मते टॉमच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं वर्ष 2017. त्या वर्षी तो दोन्हीकडे धावला. जागतिक स्पर्धेत फ्रेंच रॅलीपटू सेबास्टियन लोब यांच्या संघाची सिट्रोएन, आणि ब्रिटनमध्ये पॉवर मॅक्स्ड रेसिंगची व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा. एका आठवड्यात एका गाडीचे ब्रेक अंगवळणी पडायचे आणि पुढच्या आठवड्यात ते विसरून दुसऱ्या गाडीत बसायचं. हे करत असताना त्याने कारखान्यांच्या अधिकृत संघांबाहेरच्या ड्रायव्हरांसाठी असलेला डब्ल्यूटीसीसी करंडक जिंकला. 'जागतिक करंडक जिंकलेला चिल्टन' तो हा. पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, फोर्ड फोकस आरएसमधून तो बीटीसीसीत तिसरा आला. कॉलिन टर्किंग्टन आणि टॉम इंग्रॅम हे दोघेच त्याच्या पुढे होते. नंतर पुन्हा होंडा, मग 2021 ला बीएमडब्ल्यू, 2022 पासून ह्युंदाई.

ब्रँडची ही माळ नुसती वाचून सोडून देण्यासारखी नाही. यातल्या बहुतेक गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि वळवायचं कामही तीच चाकं करतात. त्यामुळे पुढचे टायर लवकर घासतात, आणि थ्रक्स्टनसारख्या वेगवान सर्किटवर शेवटच्या फेऱ्यांत गाडी वळायलाच तयार नसते. बीएमडब्ल्यूत ताकद मागच्या चाकांना. सुरुवातीला ती उभ्या जागेवरून झेपावते, पण ओल्या रस्त्यावर मागचा भाग बाजूला निसटतो. एका जातीच्या गाडीत वीस वर्षं घडलेले हातपाय दुसरीकडे वळवायचे म्हणजे डावखुऱ्याने उजव्या हाताने फलंदाजी करण्यासारखं आहे. टॉमने ते पस्तिशी ओलांडल्यावर केलं.

आता मॅक्स. त्याची वाट सरळ शिडीची होती. ब्रिटिश फॉर्म्युला थ्री, मग जीपी टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालची पायरी. 2012 मध्ये त्याने हंगेरी आणि सिंगापूरच्या मुख्य शर्यती जिंकल्या आणि हंगामात चौथा आला. 2013 ला मारुसियात फॉर्म्युला वनची जागा. संघ ग्रिडवरच्या सर्वांत गरीब संघांपैकी. तिथे त्याने एक विक्रम केला, त्याची थट्टाही झाली आणि कौतुकही. पदार्पणाच्या हंगामातल्या सर्वच्या सर्व 19 शर्यती त्याने पूर्ण केल्या. असं करणारा तो पहिला नवखा ड्रायव्हर. पुढच्या वर्षीच्या सहा धरून सलग 25. ही साखळी 2014 च्या कॅनडात तुटली, तीही स्वतःच्याच संघातल्या ज्युल्स बियांकीशी टक्कर होऊन.

हा विक्रम म्हणजे नुसतं सांभाळून चालवणं, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. 2013 च्या मोनॅकोत पास्टर मालडोनाडोशी त्याची अशी धडक झाली की शर्यत थांबवावी लागली आणि मॅक्सला शिक्षा झाली. तरीही त्याने ती शर्यत शेवटपर्यंत नेली. फॉर्म्युला वनची गाडी कागदासारखी असते. टूरिंग कारमध्ये दार दाराला घासलं तर रंग जातो. फॉर्म्युला वनमध्ये चाक चाकाला लागलं की खेळ संपतो. पण निव्वळ वेगाच्या बाबतीत बियांकी सरस होता, हे मान्य करायलाच हवं. 2014 मध्ये बियांकीने मोनॅकोत नववा येऊन मारुसियाला पहिले गुण मिळवून दिले. मॅक्सची सर्वोत्तम जागा तेरावी राहिली. 35 शर्यती, शून्य गुण.

त्या शून्याच्या शेवटी जे आहे ते आकड्यांत मावत नाही. 5 ऑक्टोबर 2014 ला जपानमधल्या सुझुकात बियांकीचा जीवघेणा अपघात झाला. पुढच्या आठवड्यात रशियातल्या सोचीत मारुसियाने बियांकीची गाडी तयार करून गॅरेजमध्ये तशीच उभी ठेवली आणि ट्रॅकवर एकटी मॅक्सची गाडी उतरली. 23 वर्षांच्या पोराने त्या गॅरेजमधून, त्या रिकाम्या गाडीशेजारून बाहेर पडून शर्यत सुरू केली. गाडी बिघडली, तो थांबला. त्यानंतर संघच दिवाळखोरीत गेला आणि मॅक्सची फॉर्म्युला वनही तिथेच संपली. बियांकी जुलै 2015 मध्ये गेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या आयोवात मॅक्सने इंडी लाइट्सची शर्यत जिंकली आणि ती त्याच्या नावे वाहिली. मॅक्सला 'शून्य गुणांचा' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे दोन दिवस एकदा आठवावेत.

पुढे तो इंडीकारमध्ये, म्हणजे उघड्या चाकांच्या गाड्यांच्या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत गेला. इंडी लाइट्स ही तिच्या खालची पायरी. 2017 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये त्याने 50 फेऱ्यांत आघाडी राखली, त्या दिवशी सर्वांत जास्त. शेवटी ताकुमा साटो जिंकला, मॅक्स चौथा आला. 2019 मध्ये त्याने इंडियानापोलिस 500 वगळता गोलाकार ट्रॅकवरच्या शर्यती सोडल्या. भिंतीला चिकटून गाडी पळवणं कमी करायचं, असं ठरवायलाही धैर्य लागतं.

आता अपवाद. छप्पर असलेल्या गाडीत मॅक्सही बसला आहे. जून 2022 मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या टेकडीवर त्याने मॅकमर्ट्री स्पिअरलिंग ही छोटी, काळी, बॅटरीवरची गाडी चालवली. तिच्या पोटाखाली पंखे आहेत, ते हवा ओढून गाडी उभ्या जागीही जमिनीला चिकटवतात. 1.86 किलोमीटरची ती वाट त्याने 39.08 सेकंदांत चढली. तिथला सर्वकालिक विक्रम. 'गुडवुडचा विक्रमवीर चिल्टन' म्हणजे मॅक्स. टॉम नव्हे.

कोण मोठा, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मॅक्स जिथे पोहोचला तिथे जगात एका वेळी वीस-बावीस जणच असतात, आणि टॉम तिथे कधी नव्हता. पण मॅक्सची जागा दोन हंगामांत गेली. टॉमने ब्रिटनचं अजिंक्यपद कधी मिळवलं नाही, तरी सात कंपन्यांच्या गाड्यांत तो दोन दशकांहून जास्त काळ टिकला, आणि संघ त्याला पुन्हा पुन्हा बोलावत राहिले. मला स्वतःला थोरल्याची कारकीर्द जास्त भावते. जो ड्रायव्हर दुसऱ्या शर्यतीत मागे पडून तिसऱ्या शर्यतीत पुढून सुरुवात करतो आणि मागचे सगळे अंगावर येत असताना जागा सोडत नाही, त्याचं कसब टीव्हीवर अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये दिसत नाही. अख्खा दिवस बसून पाहावं लागतं.

आणि एका निकालपत्रावर आडनावावरून काहीच कळणार नाही. सप्टेंबर 2007, सिल्व्हरस्टोन, ले मान्स मालिकेतली हजार किलोमीटरची शर्यत. अरीना संघाची झायटेक प्रोटोटाइप. तिच्यात टॉम होता, आणि त्याच्यासोबत, आळीपाळीने त्याच सीटवर बसणारा, रस्त्यावर गाडी चालवायचं वयही न झालेला सोळा वर्षांचा मॅक्स.