प्रजननरीती व अंतःप्रजनन यांचे सांख्यिकीय अनुमान

रानातल्या झाडाचे किती बी स्वतःच्या परागापासून धरते, किती दुसऱ्या झाडाच्या परागापासून, आणि ते दुसरे झाड नात्यातले असते का, हे जनुकीय खुणांवरून ठरवण्याची पद्धत. फुलावर बसलेली मधमाशी दिसते, पण तिने आणलेल्या परागाने बी धरले की नाही ते दिसत नाही. म्हणून मातृवृक्ष आणि त्याच्या बियांची रोपे तपासून उलट्या दिशेने हिशोब मांडतात.

गोव्यात या विषयाची दोन्ही टोके जवळजवळ आढळतात. खाजनातले (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातले), खारे पाणी सोसणारे कोरगूट हे भातच, म्हणून जवळपास पूर्णपणे स्वपरागित. सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या राईतील (देवराईतील) रानजायफळात नर आणि मादी झाडे वेगळी, तेथे स्वपरागण शक्यच नाही. काजू मधला. त्याच्या एकाच तुऱ्यात नर आणि द्विलिंगी फुले असतात, आणि कीटक त्याच झाडाच्या फुलांवर फिरला तर जनुकांच्या हिशोबी ते स्वफलनच ठरते.

नेहमी वापरले जाते ते मिश्र प्रजननाचे प्रारूप. परफलनाचा दर प मानला, तर उरलेले १ − प एवढे बी स्वफलनाचे. अ हा जनुकप्रकार दुहेरी असलेल्या मातृवृक्षाचे स्वफलित बी कधीच विषमयुग्मकी (दोन वेगळे जनुकप्रकार असलेले) निघत नाही. निघाले तर पराग बाहेरचा. परिसरातील परागात अ चे प्रमाण ०.६ आणि रोपांत विषमयुग्मकी ३० टक्के असतील, तर प = ०.३ ÷ ०.४ = ०.७५. मात्र हे उत्तर ४० रोपांवरून काढले असेल तर त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१८ येते, म्हणजे ०.६ आणि ०.९ यांत फरक करणेही कठीण. एकाच खुणेवरून केलेल्या अंदाजात दर १ च्या वरही जातो. त्याचा अर्थ शोधत बसू नये, तो नमुन्याचा दोष आहे.

यावर उपाय म्हणजे अनेक जनुकस्थाने (गुणसूत्रांवरील जनुकांच्या जागा) एकत्र पाहणे. एका स्थानी बाहेरचा पराग ओळखू येण्याची शक्यता ०.४ असेल, तर चार स्वतंत्र स्थानी मिळून ती ०.८७ होते. १९८१ मध्ये वनस्पती-जनुकशास्त्रज्ञ कर्मिट रिटलंड आणि सुबोध जैन यांनी महत्तम संभाव्यतेवर (हाती आलेला नमुना ज्या दराने सर्वाधिक शक्य ठरतो तो दर निवडण्यावर)  आधारलेली अशी बहुस्थानी रीत मांडली. तिचा खरा लाभ वेगळाच आहे. नातलग झाडाचा पराग काही स्थानी आईसारखाच दिसतो, त्यामुळे एकेका स्थानावरून काढलेला परफलनदर कमी येतो. बहुस्थानी दर मात्र फारसा फसत नाही. या दोहोंतील तफावत हे नातलगांमधील प्रजननाचे माप. रानजायफळासाठी हाच आकडा बोलका ठरेल: बहुस्थानी दर १ असणारच, पण धनेशासारखे मोठे पक्षी कमी झाले आणि बिया आईखालीच रुजल्या, तर शेजारी भावंडे वाढतील आणि एकस्थानी दर खाली येईल.

अंतःप्रजनन म्हणजे स्वतःशी किंवा नातलगांशी झालेले प्रजनन; ते मोजणारा गुणांक फ हा जनुकशास्त्रज्ञ सुअल राइट यांचा. विषमयुग्मकींची अपेक्षेपेक्षा असलेली तूट त्यातून कळते. पिढ्यान्‌पिढ्या प तोच राहिला आणि स्वफलित रोपे इतरांइतकीच जगली, तर फ = (१ − प) ÷ (१ + प). वरच्या उदाहरणात तो ०.१४. प्रत्यक्षात मोठ्या झाडांत तो याहून पुष्कळदा कमी सापडतो, कारण स्वफलित रोपे लहानपणीच मरतात. म्हणून बी आणि प्रौढ झाडे यांचे फ शेजारी ठेवले की अंतःप्रजनन-अवनतीचाही (अंतःप्रजननाने संततीचा जोम घटण्याचाही) अंदाज येतो: स्वफलितांची तुलनात्मक जगण्याची क्षमता = २ प फ ÷ [(१ − प)(१ − फ)], यात फ प्रौढ झाडांचा घ्यायचा. प १ च्या जवळ असला की भाजक शून्याकडे जातो आणि हे सूत्र निरुपयोगी ठरते.

फ मोठा आला म्हणजे अंतःप्रजनन सिद्ध झाले, हा घाईचा निष्कर्ष सर्वांत जास्त आढळतो. दोन वेगळ्या राईंतील झाडे एकाच नमुन्यात मिसळली तरी विषमयुग्मकी कमी दिसतात. हा वालुंड परिणाम. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) खुणांत एखादा जनुकप्रकार चाचणीत उमटतच नाही, तेव्हा विषमयुग्मकी झाड समयुग्मकी (दोन्ही जनुकप्रकार सारखे असलेले) म्हणून नोंदले जाते. अशी चूक सहसा एखाद्याच जनुकस्थानी असते, खरे अंतःप्रजनन मात्र सर्व स्थानांवर सारखेच उमटते. म्हणून प्रत्येक स्थानाचा फ वेगळा छापावा, नुसती सरासरी देऊ नये. आणि लहान राईत नमुना घेताना एकाच झाडाच्या शंभर बिया गोळा करण्यापेक्षा वीस झाडांच्या पाच-पाच बिया घेणे केव्हाही बरे: परागातील प्रमाणे नीट कळतात, आणि एखाद्या एकाकी झाडाचे वर्तन साऱ्या राईवर लादले जात नाही.