अभिजात नाटकांच्या प्रयोगांतील अपशब्द

अभिजात नाटक नव्याने उभे करताना मूळ संहितेतल्या शिव्या, जातीवरून हिणवणारी वाक्ये आणि बायकांविषयीचे अपशब्द ठेवावेत, सौम्य करावेत की गाळावेत, हा रंगभूमीवरचा जुना वाद आहे. छापील पुस्तकात शिवीच्या जागी फुल्या घालून भागते. फुल्या उच्चारता येत नाहीत, त्यामुळे रंगमंचावर निर्णय घ्यावाच लागतो. तो कधी तालमीत दिग्दर्शकाची पेन्सिल घेते, कधी नाटकांच्या संहिता तपासणारे सरकारी परिनिरीक्षण मंडळ. कधी तर समोरच्या रांगेत लहान मुले दिसली म्हणून नट ऐन वेळी शब्द गिळतो आणि निर्णय तिथेच होऊन जातो.

या कात्रीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे. बाउड्लर भावंडांनी शेक्सपिअरची ‘कौटुंबिक’ आवृत्ती १८०७ मध्ये काढली. घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचता यावी, हा तिचा हेतू होता. लेडी मॅकबेथ हातावरच्या रक्ताच्या डागाला शाप देते, तिथे शाप जाऊन नुसता ‘किरमिजी’ डाग उरला. अशा सोवळ्या संपादनासाठी बाउड्लर या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापदच रूढ झाले.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार कालिदासापासून करावा लागतो. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभी दोन शिपाई एका धीवराला, म्हणजे मासेमाराला, बांधून आणतात, कारण त्याच्याजवळ राजाची अंगठी सापडली आहे. मी शक्रावतारात राहणारा धीवर, असे तो सांगू लागताच एक शिपाई खेकसतो: चोरा, तुझी जात विचारली का आम्ही? जाळी आणि गळ टाकून मी कुटुंब पोसतो, असे त्याने म्हटल्यावर त्या शिपायांचा वरिष्ठ, राजाचा मेहुणा, हसून म्हणतो की धंदा तर मोठा शुद्ध आहे! धीवर खाली मान घालत नाही. जन्माने वाट्याला आलेले काम लोकांनी निंदले तरी टाकू नये, आणि दयाळू मनाचा श्रोत्रिय, म्हणजे वेद शिकलेला, ब्राह्मणसुद्धा यज्ञात पशू मारताना कठोर होतोच, असे तो सुनावतो. पुढे राजाकडून त्याला अंगठीच्या मोलाचे बक्षीस मिळते. ते तो शिपायांबरोबर निम्मे वाटून घेतो, मग तोच मेहुणा त्याला मित्र म्हणतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात.

हा प्रवेश मुंबईत करणाऱ्याला गाळण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. वरळी, माहीम, वर्सोवा इथले कोळीवाडे आजही नांदते आहेत आणि नाट्यगृहात बसलेल्या कोळी प्रेक्षकाला ‘शुद्ध धंदा’ हा टोमणा बोचणारच. पण टोमणा काढला की धीवराच्या उत्तराला जागाच राहत नाही. ज्याचे मन दुखू नये म्हणून कात्री चालवायची, त्याच्याच माणसाचे सर्वांत तेजस्वी वाक्य तिच्याखाली येते. प्रस्तुत लेखकाच्या मते अपशब्दाची खरी परीक्षा हीच: नाटक त्याला उत्तर देते का? ‘मृच्छकटिका’तला शकार गणिका वसंतसेनेला वाटेल ते बोलतो, पण नाटक हसते ते शकारालाच. त्याची शिवराळ भाषा धुऊन काढली तर राजाच्या मेहुणेपणावर माजलेला तो माणूस निरुपद्रवी विदूषक होऊन बसेल.

उलट प्रकारही आहे आणि तो अधिक अवघड आहे. मराठी प्रहसनांत आणि मुंबईच्या घरगुती विनोदी नाटकांत कोकणातून आलेला ‘रामा गडी’ अनेकदा केवळ हशा वसूल करण्यासाठी येतो. त्याला कुणी वाईट शब्द वापरत नाही. तरी त्याचे बोलणे, चालणे, न समजणे यांची टर उडवली जाते आणि नाटक मालकाबरोबर हसते. इथे एखादा शब्द गाळून काही साधत नाही, कारण तुच्छता भूमिकेच्या रचनेतच आहे. दिग्दर्शकाने ती भूमिका वेगळ्या नजरेने बसवावी किंवा ते नाटक करू नये.

काही शब्दांचा प्रश्न केवळ काळाचा असतो. ‘रांड’ या शब्दाचा जुन्या मराठीत विधवा असाही अर्थ होता. तो वापरणाऱ्या पात्राच्या मनात शिवी असेलच असे नाही, पण आजचा कान शिवीच ऐकतो. अशा जागी शब्द बदलणे म्हणजे खरे तर जुना अर्थ राखणे.

मुंबईत या वादाला कायद्याची चौकट आहे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी राजकीय नाटकांसाठी आणला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये आलेली बंदीही शिव्यांमुळे नव्हती. स्वातंत्र्यानंतर पोलीस कायद्याखालील नियमांनुसार संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आली आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले. तमाशालाही संहिता दाखवावी लागू लागली. ज्या कलेत सोंगाड्या समोरचा प्रेक्षक पाहून बोलतो, तिला लिखित संहिता मागणे हेच मुळात विसंगत होते.

आज आधुनिक अभिजात मानली जाणारी विजय तेंडुलकरांची नाटके याच चाळणीतून गेली. ‘गिधाडे’ १९७० मध्ये श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले, तेव्हा रमाच्या लुगड्यावरच्या तांबड्या डागाला मंडळाने हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला आणि तो तांबडा समजावा असे प्रेक्षकांना प्रयोगापूर्वी सांगण्यात येई. गाळलेली गोष्ट प्रामाणिकपणे प्रेक्षकांच्या हवाली करण्याचा याहून चांगला मार्ग सापडणे कठीण आहे. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये निळू फुले आणि लालन सारंग यांच्या तोंडची भाषा मंडळाला सोसली नाही. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. लालन सारंग यांनी केलेल्या चंपाच्या शिव्या काढल्या असत्या, तर नवऱ्याचा छळ सोसून आलेल्या बाईचे एकमेव हत्यार काढून घेतल्यासारखे झाले असते.

चित्रपटातील शिव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले की त्या ऐकून कुणी प्रौढ माणूस त्या वापरू लागणार नाही. मात्र २०१५ मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधींवरील कवितेच्या खटल्यात, आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालण्याला याच न्यायालयाने कडक कसोटी लावली. नाटकांच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

कात्री कुणी चालवायची, याला हक्काचीही बाजू आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९१६ मध्ये वारलेल्या देवलांच्या ‘शारदे’ची रंगावृत्ती आज कुणीही करू शकतो, तेंडुलकर २००८ मध्ये गेले, त्यांच्या संहितेत बदल करायला वारसांची परवानगी लागते. या निर्णयात नटाचाही विचार व्हायला हवा. तालमीत दोन-दोन महिने ज्याला जातीवरून हिणवले जाते, तो नट त्याच जातीचा असेल, तर त्याच्याशी पहिल्याच वाचनाला बोलले पाहिजे: हा शब्द का आहे, नाटक त्याला कुठे उत्तर देते, आणि ते उत्तर त्याच्याच तोंडी आहे का.