नवतपा, सेस्ना आणि रबराची एक पट्टी

मे महिन्यात, त्यातही नवतपाच्या नऊ कडक दिवसांत, नागपुरात छोट्या विमानाचं इंजिन तापलं की सगळे आधी उन्हाकडे बोट दाखवतात, आणि ऊन अगदीच निर्दोष असतं असंही नाही. हिशोब करून बघा ना, सिलेंडर हेड, म्हणजे सिलेंडरचा वरचा तापणारा भाग, २२४ डिग्री सेल्सिअसला धरलं (आयुष्य हवं तर याच्या खाली ठेवा असं इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनीच सांगते, शेवटची मर्यादा २६०), तर १५ डिग्रीच्या हवेशी फरक २०९ चा आणि ४५ च्या हवेशी १७९ चा, म्हणजे उष्णता वाहून न्यायची ताकद इथेच १४ टक्क्यांनी गेली. वरून हवा विरळ. इथल्या सोनेगाव विमानतळाचा रनवे समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे पण अशा दुपारी इंजिनाला तो पाचेक हजार फुटांवर असल्यासारखा वाटतो. तरी त्याच दुपारी, तेच इंजिन असलेलं शेजारचं विमान बरं चालत असेल तर भानगड उन्हाची नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

तशी ही कटकट पहिल्या उड्डाणापासूनची. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन पाण्यावर थंड व्हायचं, तरी सुरू केल्यावर १६ हॉर्सपॉवर द्यायचं आणि मिनिटभरात तापून १२ वर यायचं. रेडिएटर, पाणी, पाइप म्हणजे नुसतं वजन, त्यात गळती वेगळीच. म्हणून फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी नोम इंजिनात अख्खे सिलेंडरच पंख्यासोबत गरगर फिरवले, घ्या हवा! आयडिया भारीच, पण वळताना ते फिरणारं वजन विमानाला भलतीकडे ओढायचं. पहिलं महायुद्ध संपलं तसा हा प्रकारही मागे पडला.

मग सिलेंडर स्थिर ठेवून उघड्या हवेत सोडले, पण हवेचा अडथळा प्रचंड. खरी कलाटणी १९२८ ची. अमेरिकेत नाका (NACA, नासाच्या आधीची सरकारी विमान-संशोधन संस्था) हिच्या लँग्ली लॅबमध्ये फ्रेड वाइक आणि मंडळींनी इंजिनावर पूर्ण काउलिंग, म्हणजे पत्र्याचं झाकण, चढवलं, आणि कर्टिस हॉक विमानाचा वेग ताशी ११८ वरून १३७ मैलांवर गेला. झाकलेलं इंजिन जास्त तापेल असं कुणालाही वाटेल. पण आत पत्रे (यांनाच बॅफल म्हणतात) लावून हवा बरोबर फिन्सवर, म्हणजे सिलेंडरवरच्या पातळ पात्यांवर, वळवली तर थोडी हवाही पुरते, हे तिथे सिद्ध झालं. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, त्यातल्या डकोटांची इंजिनंही याच वंशातली, मागे हवा बाहेर सोडायला उघडझाप करणाऱ्या झडपा, म्हणजे काउल फ्लॅप.

छोट्या विमानात १९३० च्या दशकात समोरासमोर आडवे सिलेंडर असलेली इंजिनं आली. जुन्या पायपर कब विमानाचे सिलेंडर बाहेर डोकावायचे, नंतर तेही काउलिंगमध्ये गेले. नागपूर फ्लाइंग क्लबच्या सेस्ना १५२ आणि १७२ मध्ये हेच आहे. पंख्यामागच्या दोन खिडक्यांतून हवा शिरते, इंजिनाच्या वर दाबाखाली साठते, फिन्समधून खाली उतरते आणि खालून बाहेर पडते. वरच्या-खालच्या दाबातला फरक जेमतेम पाच-सहा इंच पाण्याच्या उंचीइतका, बस. आपला खसवाला कूलर कितीही मोठा आणा, समोरची खिडकी बंद असेल तर खोली गार होत नाही, तसंच इथे बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे.

आणि वरचा दाब टिकवायचं काम कोण करतं, तर बॅफलच्या कडेला लावलेली रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी! उष्णतेने ती कडक होते, काउलिंग बसवताना चुकून उलटी दुमडते, आणि हवा फिन्सना टाळून त्या फटीतून सरळ पळते. काउलिंग काढून आतली बाजू बघा, पट्टी घासल्याची काळी रेघ सलग पाहिजे, जिथे रेघ तुटली तिथे गळती. किंवा काउलिंग बसवून अंधारात खालून टॉर्च मारा आणि पुढच्या खिडकीतून आत बघा, उजेड नको तिथे दिसला की सापडलं. जुन्या ट्रेनर विमानांत पुष्कळदा टेम्परेचर मोजणारा एकच प्रोब असतो, म्हणजे बाकीचे तीन सिलेंडर किती भाजून राहिले ते पायलटला कळतच नाही, त्यामुळे माझ्या मते मोठा ऑइल कूलर शोधण्याआधी ही पट्टी बघावी, खर्चही किरकोळ.

आता रोटॅक्स या इंजिन कंपनीने मधला रस्ता काढलाय, हेड पाण्याने थंड आणि सिलेंडर हवेने. बेंगळुरूच्या एनएएल (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) या सरकारी संस्थेच्या हंसा-३ विमानात असंच इंजिन बसवलं. पण रेडिएटरलाही हवा लागतेच, आणि ती रेडिएटरमधूनच गेली पाहिजे, बाजूच्या फटीतून नाही.