राजदूत व्हायचंय? मग फॉर्म कुठला भरायचा आणि कागद कोणते लागतात

दर हिवाळ्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत कुणीतरी विचारतंच, "ताई, राजदूत व्हायला कुठली परीक्षा द्यायची?" राजदूतपदासाठी अर्ज निघत नाही. ती नेमणूक सरकार करतं, आणि नेमले जाणारे बहुतेक जण भारतीय परराष्ट्र सेवेत, म्हणजे आयएफएसमध्ये, वर्षानुवर्षं काम केलेले असतात. तुमच्या हातात आहे तो या सेवेत शिरण्याचा अर्ज. कलेक्टर किंवा एसपी व्हायला जी यूपीएससीची, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची, नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते, तीच इथेही द्यायची. फॉर्म साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघतो आणि मुदत तीन आठवड्यांच्या आसपास असते.

पात्रतेत गुंतागुंत फारशी नाही. भारतीय नागरिकत्व हवं आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठल्याही शाखेची पदवी हवी. शेवटच्या वर्षाला असलात तरी पूर्वपरीक्षेला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, बसता येतं. परीक्षेच्या वर्षाच्या 1 ऑगस्टला वय 21 पूर्ण आणि 32 च्या आत असावं. ओबीसींना 3 वर्षांची, एससी-एसटींना 5 वर्षांची सवलत आहे. खुल्या गटाला 6 संधी, ओबीसींना 9, एससी-एसटींना वयोमर्यादेपर्यंत हव्या तितक्या. पूर्वपरीक्षेचा एक जरी पेपर दिला तरी ती संधी मोजली जाते, म्हणून "बघूया कसा येतो पेपर" म्हणत जाऊन बसू नका. शुल्क 100 रुपये आहे. मुली, एससी-एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ आहे.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्या मुलामुलींना वाटतं की त्याचे वेगळे गुण मिळतील. तसं होत नाही. भाषा जरूर शिका, पण निवड होते ती मुख्य परीक्षेच्या 1750 आणि मुलाखतीच्या 275 गुणांवर. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा पेपर मात्र सक्तीचा आहे, त्यात उत्तीर्ण व्हावंच लागतं.

आता कागदपत्रं. आपली मुलं सर्वांत जास्त अडकतात ती इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जन्मतारीख आयोग फक्त दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतो. महापालिकेचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रिका यातलं काहीही चालत नाही. नावही दहावीवर आहे तसंच भरायचं. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधार कार्डावर बहुतेकांचं शेवटी. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा आणि तफावत असेल तर फॉर्म निघायच्या आधीच आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढून ठेवा.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. ओबीसींनी राज्याच्या भरतीसाठी काढलेलं नॉन-क्रीमिलेअर यूपीएससीला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. दोन्ही दाखले वरवर सारखे दिसतात, पण केंद्राच्या दाखल्यावर भारत सरकारच्या नोकरीसाठी असल्याचा उल्लेख असतो आणि जात केंद्राच्या यादीत कोणत्या ठरावानुसार आहे ते लिहिलेलं असतं. तो फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आत निघालेला हवा. मागच्या खेपेला एक मुलगी हसतहसत राज्याचा दाखला घेऊन आली होती आणि मुदतीला नऊ दिवस उरले होते. पुढचे नऊ दिवस तिने अभ्यास सोडून सेतू केंद्राच्या रांगेत काढले. तिचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

राज्यातलं मराठ्यांचं एसईबीसी आरक्षण केंद्रात नाही, त्यामुळे मराठा उमेदवार इथे खुल्या गटात येतात. निकषात बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातून, अर्ज करता येतो. कुणबी दाखला असेल तर केंद्रातही ओबीसी. ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, शिवाय 5 एकर शेती किंवा 1000 चौरस फुटांचा फ्लॅट असेल तर तो दाखला मिळत नाही. या गटाला वयाची सवलतही नाही. हे सगळे दाखले प्रांत-तहसील कार्यालयातून निघतात, अर्ज सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर करायचा. दिवाळीच्या सुट्टीतच हे काम उरकून टाका.

पूर्वपरीक्षेचं केंद्र पुण्यात मिळतं, मुलाखतीला दिल्लीला जावं लागतं. जाताना सगळ्या मूळ प्रती बरोबर हव्यात.

सेवांचा पसंतीक्रम भरताना घाई करू नका. परराष्ट्र सेवेच्या जागा मोजक्याच असतात. मनापासून तीच हवी असेल तर ती पहिली लिहा आणि घरच्यांशी आधी बोलून घ्या, कारण आयएफएसमध्ये रुजू झाल्यावर नोकरीत राहून ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. मुलींच्या घरी लग्नाचा विषय हमखास निघतो. एके काळी या सेवेत स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1979 च्या निकालात न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. आज तुमच्या वाटेत तो नियम नाही, हे घरी आवर्जून सांगा.

निवड झाली की आधी मसुरीच्या प्रशासन अकादमीत, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण. तिथे एक परदेशी भाषा वाट्याला येते. ती बोलली जाते अशा देशात तृतीय सचिव म्हणून पहिली नेमणूक होते आणि त्या भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, कौन्सेलर असं वर जायचं. आपल्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र शिकलेले गौतम बंबावाले 1984 साली याच वाटेने सेवेत आले. पुढे ते भूतान आणि चीनमध्ये राजदूत झाले. पाकिस्तानात त्यांचं पद उच्चायुक्ताचं होतं, कारण राष्ट्रकुलातल्या देशात राजदूताला उच्चायुक्त म्हणतात.