चालकाविना तोल

बाल्सा लाकडाचे नुकतेच बांधून झालेले छोटे विमान हवेत सोडण्यापूर्वी जाणता छंदिष्ट पंखांच्या पुढच्या कडेपासून त्यांच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, खालून दोन बोटांची टोके टेकवून ते अलगद उचलतो. नाक किंचित झुकले तर ठीक. शेपटी खाली गेली, तर नाकात शिशाचा तुकडा किंवा मातीची गोळी बसवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो.

वाऱ्याच्या झोताने नाक वर झाले, की पंख आणि शेपटी या दोहोंवरची उचल, म्हणजे हवेचे वर ढकलणारे बल, वाढते. ही वाढीव उचल गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलते त्याच्या, मागे पडली, तर ती नाक पुन्हा खाली आणते; पुढे पडली, तर नाक आणखी वर ढकलते आणि क्षणार्धात पंखांवरचा प्रवाह तुटून विमान कोसळते. मोठ्या विमानात वैमानिक हात हलवून चूक सावरू शकतो, पण रिमोटशिवाय उडणाऱ्या प्रतिकृतीत सावरण्याचे काम रचनेनेच करावे लागते.

ही गोष्ट आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या ट्युलेरी उद्यानात करून दाखवली. सुमारे ४५ सेंटिमीटर पंखविस्ताराचे आणि अवघे १६ ग्रॅम वजनाचे त्याचे विमान पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याची शेपटी पंखापेक्षा थोड्या उतरत्या कोनात बसवलेली होती आणि खरी करामत रबरापेक्षा तिथेच होती, असे मला वाटते.

आजही पहिली चाचणी गवतावर, इंजिनाविना, हाताने सोडूनच घेतली जाते. विमान वर चढून, थबकून, पुन्हा खाली येत झोके घेऊ लागले, तर शेपटीच्या पुढच्या कडेखाली कागदाची एक घडी सरकवली जाते. सरळ गोता घेतला, तर तीच घडी मागच्या कडेखाली जाते.

मोठ्या विमानाच्या पंखाचा जाड छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, मात्र जसाच्या तसा लहान करून चालत नाही, कारण लहान आकारात आणि कमी वेगात हवेची चिकटपणाची बाजू वरचढ ठरते, पृष्ठभागालगतचा शांत थर लवकर सुटतो आणि उचल घटते. म्हणून पातळ, वक्र छेद वापरतात. काहीजण तर पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ शिवणाचा दोरा चिकटवतात. त्यावर अडखळून तो थर खळबळतो आणि गुळगुळीत पंखावर टिकला असता त्याहून अधिक काळ पृष्ठभागाला धरून राहतो.