घन इलेक्ट्रोलाइट

लिथियम बॅटरीच्या दोन इलेक्ट्रोडमधे (म्हणजे धन आणि ऋण टोकांमधे) लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ने-आण करणारा, पण स्वतः द्रव नसलेला पदार्थ म्हणजे घन इलेक्ट्रोलाइट. आज मोबाईल, ई-स्कूटरच्या सेलमधे हे काम लिथियमचं मीठ विरघळवलेला सेंद्रिय द्रव करतो आणि तो पेट घेतो, म्हणून परभणीच्या ४३-४४ डिग्रीत उन्हात उभ्या गाडीची धाकधूक वाटते. (घरच्या इन्व्हर्टरची, डिस्टिल वॉटर टाकायची बॅटरी वेगळी, ती लेड-ॲसिड.)

मुख्य प्रकार तीन. पहिला पॉलिमर, पॉलिइथिलीन ऑक्साइडमधे मीठ मिसळलं की आयन पळतात हे पीटर राइटनं १९७० च्या दशकात दाखवलं, पण नीट चालायला त्याला ६० डिग्रीच्या वर लागतं, म्हणजे आपला मे महिनाही कमीच पडतो. दुसरा ऑक्साइड, त्यात लिथियम-लँथेनम-झिर्कोनियमचं गार्नेट फेमस, ते २००७ ला मुरुगन, थंगदुराई आणि वेप्नर यांनी मांडलं. तिसरा सल्फाइड. २०११ ला जपानच्या कान्नोंच्या टीमनं जर्मेनियमवाला सल्फाइड काढला, त्याची वाहकता १२ मिलीसीमेन्स प्रति सेंमी, द्रवाच्या तोडीची. तेव्हापासून आयन पळवायचा प्रश्न बराचसा मिटला, खरं दुखणं वेगळंच आहे.

द्रव कसा पाटाच्या पाण्यासारखा सगळ्या वाफ्यात शिरतो, घन पदार्थ इलेक्ट्रोडला जिथं टेकला तिथंच टेकतो, आणि चार्जिंगमधे इलेक्ट्रोड फुगतो-आकसतो तसा तो टेकाही सुटतो. गार्नेट तर कौलासारखं कडक, हजार डिग्रीच्या वर भाजावं लागतं. एवढं कडक असल्यावर चार्जिंगमधे इलेक्ट्रोडवर वाढणारे लिथियमचे काटे त्यातून घुसणार नाहीत असं वाटलं होतं, पण उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा बारीक चिरांतून आणि कणांच्या सांध्यांतून ते घुसतातच अन् शॉर्ट होतो. सल्फाइड मऊ, भट्टीशिवाय नुसतं दाबून बसतं, म्हणून टोयोटासारख्या कंपन्या त्याच्याच मागं आहेत, माझ्या मते तेच बरोबर. पण हवेतला ओलावा लागला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास अन् विषारी, म्हणजे संभाजीनगरकडं असा कारखाना कधी टाकलाच तर उन्हाळ्यापेक्षा श्रावणातली दमट हवाच जास्त छळेल, एकदम कोरडी ड्राय रूम बारा महिने चालवावी लागेल, आणि लाईट गेली तरी ती बंद पडून जमायचं नाही.